हातहत्यारांनी सुतारकाम शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा, वाई इकडून सुतारकाम शिकू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सुरुवातीला पायाभूत गोष्टी आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न शेवटी. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ४ वाचा, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

१. हातात कधी पटाशीसुद्धा धरलेली नाही. मशीन न घेता, नुसत्या हातहत्यारांनी घरात वापरता येईल असं काही बनतं का?

बनतं. आपल्याकडच्या वाड्यांचे दरवाजे, बैलगाडीची चाकं, पाळणे, देव्हारे, तिफणी हे सगळं गावच्या सुतारानं विजेशिवायच केलेलं आहे. मशीन लागतं ते दिवसाला वीस चौकटी काढणाऱ्याला. तुम्हाला महिन्याकाठी एक पाट, एक फळी किंवा एखादं स्टूल करायचं असेल तर हातहत्यारं पुरतात. धूळ कमी उडते, आवाज कमी होतो आणि बोटं जायची भीती बरीच कमी राहते. वेळ मात्र जास्त जातो. पहिले काही आठवडे वस्तू करण्यापेक्षा टाकाऊ तुकड्यांवर रेघ मारणं, कापणं आणि तासणं एवढंच केलंत तर पुढचा त्रास पुष्कळ वाचेल.

२. सुरुवातीला नेमकी कोणती हत्यारं घेऊ? दुकानदार मोठा संच घ्या म्हणतो.

संच घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं वर्षभर पेटीबाहेर निघत नाहीत. पुढच्या एवढ्यांवर पहिलं वर्ष आरामात निघतं: एक बारीक दातांची करवत (पाठीला पट्टी असलेली टेनन करवत असेल तर उत्तम), एक लोखंडी रंधा, अर्धा इंची आणि पाव इंची अशा दोन पटाश्या, एक लाकडी हातोडा, एक गुण्या (काटकोन तपासायला), एक मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ ओढायला), स्टीलची फूटपट्टी, दोन शिकंजे (लाकूड आवळून धरायला) आणि धार लावायचा दोन बाजूंचा दगड. रेघ ओढायला पेन्सिलीबरोबर एक टोकदार चाकू ठेवा. चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप बसते, तशी ती पेन्सिलीच्या रेघेत बसत नाही.

खर्च साधारण पाच हजारांच्या आसपास धरा. पैसे कमी पडत असतील तर पटाश्या दोनऐवजी एकच घ्या, पण दगड चांगला घ्या.

दुकानात गुण्या तपासूनच घ्या. सरळ कडेच्या फळीला तो लावून एक रेघ ओढा, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दुसरा मागा.

३. नवी हत्यारं घ्यावीत की जुन्या बाजारातली?

रंधा आणि पटाशी जुनी मिळाली तर जरूर घ्या. गंज दिसला म्हणून हत्यार वाया गेलं असं नाही. बघायचं ते असं: रंध्याच्या तळाला किंवा तोंडाला तडा नको, पात्याची लांबी पुरेशी शिल्लक हवी आणि पटाशीच्या सपाट पाठीवर धारेजवळ खोल खड्डे नकोत. वरवरचा गंज निघतो (कसा काढायचा ते प्रश्न २० मध्ये आहे), खड्डे निघत नाहीत. करवत मात्र नवीनच घ्या. जुन्या करवतीचे दात कानशीनं पुन्हा नीट काढणं ही स्वतंत्र विद्या आहे, ती सावकाश शिकता येईल.

एखाद्या घरातल्या आजोबांची पेटी मिळत असेल तर ती भंगारात जाऊ देऊ नका. जुन्या लाकडी रंध्याचं पातं बहुतेकदा आजच्या स्वस्त पात्यापेक्षा सरस असतं.

४. धार लावायचं काही केल्या जमत नाही. हातांनी नक्की करायचं तरी काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून उत्तरही सगळ्यांत लांब.

दुकानातून आणलेली पटाशी धारदार नसते. कारखान्यात तिला फक्त आकार दिलेला असतो. धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. एक पृष्ठभाग म्हणजे पटाशीची सपाट पाठ, दुसरा म्हणजे उतार. नवशिके उतारावर तासभर घासतात आणि पाठीला हातही लावत नाहीत. मग धार लागत नाही.

आधी पाठ. दगडाच्या खरखरीत बाजूवर तेलाचे किंवा पाण्याचे थेंब टाका, पटाशीची पाठ पूर्ण टेकवा आणि टोकाकडच्या इंचभर भागावर दाब देऊन पुढे-मागे घासा. धारेलगतचा पट्टा एकसारखा मळकट-चकचकीत दिसायला लागला की बारीक बाजूवर तेच करा. नवीन पटाशीला हे काम एकदाच करायचं असतं, पुढे पाठीवर नुसता हात फिरवला तरी चालतं.

मग उतार. कारखान्याचा उतार साधारण २५ अंशांचा असतो, धारेचं टोक ३० अंशांवर घासलं की ते टिकतं. कोन मोजायला यंत्र नको. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश होतो, अडीच पटीच्या जरा आत असेल तर २५. पटाशी उतारावर टेकवा, मनगट घट्ट धरा आणि खांद्यातून हालचाल करा. मनगट हललं की उतार गोल होतो आणि गोल उताराची पटाशी लाकडात शिरत नाही.

कधी थांबायचं? पाठीकडून धारेवरून अंगठा हलकेच बाहेरच्या दिशेनं ओढा, धारेच्या रेषेत कधीही नको. संपूर्ण रुंदीभर केसासारखी बारीक दुमड बोटाला लागली की खरखरीत बाजूचं काम संपलं. दुमड एका कोपऱ्यात लागते आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे तिथे अजून धातू उरलाय. दुमड पूर्ण आल्यावर बारीक बाजूवर उतार घासा, मग पाठ टेकवून दुमड काढा, पुन्हा उतार, पुन्हा पाठ, दर वेळी दाब कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पटाशी मागे ओढत दहा-वीस वेळा फिरवा.

कसोटी कागदावर घेऊ नका. पाईनच्या मऊ तुकड्याचं टोक, म्हणजे जिकडे लाकडाच्या रेषा (तंतू) आडव्या कापलेल्या दिसतात ती बाजू, पटाशीनं पातळ तासून पाहा. कापलेला भाग गुळगुळीत आणि चमकदार दिसला तर धार आहे. पांढुरका, भुगा सांडणारा दिसला तर पुन्हा दगडावर.

दगड मध्ये खोलगट होत जातो आणि खोलगट दगडावर पाठ सपाट राहूच शकत नाही. जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून, पाणी टाकून दगड त्यावर घासला की तो पुन्हा सपाट होतो. दगडच नसेल तर काचेवर ४००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर लावूनही धार छान लागते.

धार लावायच्या विजेच्या चाकावर पटाशी धरू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. चाक वापरायचंच असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा.

आपल्या भागात याचा एक फार सुंदर दाखला आहे. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणारी शिकलगार घराणी मुळात शस्त्रांना धार लावणारी. तेच हात पुढे तंतुवाद्यांकडे वळले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धारेची जाण असलेल्या हातांना लाकूड परकं वाटलं नाही, याचं मला कधीच आश्चर्य वाटलेलं नाही.

५. करवत रेघेवरून सरकते. कितीही जपून कापलं तरी तिरकंच जातं.

करवत गच्च धरू नका. तर्जनी मुठीबाहेर, करवतीच्या दिशेनं सरळ ठेवा, बाकीच्या बोटांनी मूठ हलकी धरा. खांदा, कोपर, मनगट आणि करवत एका रेषेत यायला हवीत, त्यासाठी पाय आणि अंग थोडं तिरकं उभं करावं लागतं. सुरुवात करताना डाव्या अंगठ्याच्या पेराचा आधार द्या आणि एक-दोन हलके झटके उलट्या दिशेनं मारून खाच पाडा. मग पूर्ण लांबीचे झटके. दाब देऊ नका, करवतीचं वजन पुरतं.

दात कोणत्या बाजूला झुकलेत ते पाहा. काही करवती ढकलताना कापतात, काही ओढताना. जपानी करवत ओढताना कापते. झुकाव ज्या दिशेला, त्याच दिशेला जोर.

रेघ फळीच्या दोन बाजूंना, वरच्या आणि तुमच्याकडच्या, मारलेली असू द्या. एकाच बाजूची रेघ पाहून कापलं तर मागे काय चाललंय ते कळत नाही. आणि रेघेवर कापू नका, रेघेच्या टाकाऊ बाजूला कापा. उरलेलं रंध्यानं काढता येतं.

एवढं करूनही करवत कायम एकाच बाजूला वळत असेल तर दोष हाताचा नसून दातांचा आहे. दातांना दोन्हीकडे दिलेला वाक सारखा नाही.

६. रंधा मारताना लाकूड उचकटतं, नाहीतर रंधा ढलप्यांनी भरून बंद पडतो.

उचकटतं, कारण तुम्ही लाकडातल्या रेषांच्या उलट दिशेनं जाताय. फळी कडेनं पाहा. रेषा तिरक्या वर जाताना दिसतात. ज्या दिशेनं त्या वर चढतात, त्याच दिशेनं रंधा न्यायचा. कळलं नाही तर एक हात मारा, उचकटलं की फळी फिरवा.

रंधा भरतो तेव्हा पातं फार बाहेर आलेलं असतं किंवा पात्यावरची टोपीपट्टी पात्याला नीट बसलेली नसते. दोघांमध्ये उजेड दिसला तर ढलपी तिथेच अडकणार. पट्टीचं टोक दगडावर सपाट करून घ्या आणि ती धारेपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागे ठेवा. पातं आधी पूर्ण आत घ्या, रंधा लाकडावर चालवत चालवत थोडं थोडं बाहेर काढा. पहिली ढलपी येते तिथे थांबा. तळाला मेणबत्ती घासली की रंधा किती हलका होतो ते स्वतः करून पाहा.

धारेबद्दल इथे पुन्हा लिहीत नाही, प्रश्न ४ पाहा. सगळी रेषा उलटसुलट असेल तर प्रश्न १९.

७. आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बेंच ठेवायला जागा नाही, खालचे लोक आवाजाची तक्रार करतील.

जुने सुतार जमिनीवर बसून, पायाच्या बोटांनी लाकूड धरून अप्रतिम काम करायचे. म्हणजे बेंच नाही म्हणून काही अडलेलं नाही. एक जाड पाट किंवा फळी घ्या, तिच्या टोकाला लाकडाची आडवी पट्टी ठोका. लाकूड त्या पट्टीला टेकवलं की रंधा मारता येतो. टेबल मजबूत असेल तर फळी शिकंज्यांनी टेबलाला बांधा. पुढे जमलं तर लहानसा व्हाईस, म्हणजे शेगडा, बसवा.

कायमचं बेंच करणार असाल तर हात खाली सोडून उभे राहा. मनगटाच्या हाडाएवढी किंवा त्याहून किंचित खाली, अशी उंची रंध्याला बरी पडते. आवाज होतो तो फक्त पटाशीवर हातोडा मारताना. ते काम दुपारी करा आणि खाली दुमडलेली सतरंजी घाला.

८. लाकूड कुठलं घेऊ, आणि वखारीत गेल्यावर काय विचारू? तिथे आपल्याला काही कळत नाही असं त्यांना लगेच समजतं.

समजू द्या. "शिकतोय, तुकडे हवेत," असं सरळ सांगा. चौकटी-दरवाज्यांतून उरलेले हात-दीड हाताचे तुकडे वखारीत नेहमी पडलेले असतात, ते स्वस्तात मिळतात आणि तुम्हाला एवढेच हवे आहेत.

सरावाला पाईन घ्या. यंत्रसामग्रीच्या खोक्यांचं पाईन एमआयडीसीच्या आसपास सहज मिळतं. मऊ असतं, रेषा स्पष्ट दिसतात. वापरण्याआधी खिळे काढा. पहिली वस्तू करायला साग सर्वांत समजूतदार लाकूड: कापायला सोपं, कमी हलतं, वाळवी गाभ्याच्या सागाला सहसा लागत नाही. फक्त सागात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यानं धार लवकर बोथटते. "सीपी", "बल्लारशा", "दांडेली" ही सागाची नावं तो कुठून आला ते सांगतात, त्यावरून भाव बदलतो. शिकणाऱ्यानं नावापेक्षा तुकडा पाहावा. पिवळट-पांढरा भाग कच्चा, तो किडतो. तपकिरी गाभा पक्का.

आंबा स्वस्त आणि दिसायला देखणा, पण त्याला भुंगा लागतो. फणस रंध्याखाली छान चालतो आणि त्याचा पिवळा रंग वर्षागणिक गडद होत जातो. मला स्वतःला फणस फार आवडतो, मिळाला तर सोडू नका. शिसवी सुंदर पण कठीण आणि महाग, दुसऱ्या वर्षी बघू. बाभळीचं प्रश्न १९ मध्ये.

हिशेब घनफुटात होतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ५४ भागिले १४४, पाऊण घनफुटाच्या निम्मं, ०.३७५. आणि वखारीत जाडी सुतात बोलतात: आठ सूत म्हणजे एक इंच. "सहा सुती फळी" म्हणजे पाऊण इंची.

९. पहिली वस्तू कोणती करू?

बसायचा पाट. एक रुंद फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. त्यात मोजणं, सरळ कापणं, रंधा, कडा गोल करणं आणि पॉलिश हे सगळं येतं, आणि घरात तो रोज वापरला जातो. वाटतो तितका तो सोपा नसतो. का, ते प्रश्न ११ मध्ये. पोळपाट गोल असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, चौरंग सांधे आल्यावर.

१०. सांधे कोणत्या क्रमानं शिकावेत? मला एकदम डव्हटेल करायचेत.

आधी अर्धी खाच: दोन्ही लाकडांतून निम्मी निम्मी जाडी काढून एकमेकांत बसवणं. मग खाच आणि कुसू: एका लाकडात खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारं कुसू. डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे टोकाकडे रुंद होणारे दात एकमेकांत बसवणं, त्यानंतर. तीन सांधे स्वच्छ आले की बहुतेक घरगुती फर्निचर तुमच्या आवाक्यात आलं.

खाच-कुसूत आधी खाच करा. पटाशीच्या रुंदीनं खाच ठरते, कुसू नंतर तिच्या मापानं तासता येतं. उलट केलं तर दोन्ही हुकतात. कुसू हाताच्या दाबानं, थोड्या विरोधानं आत जायला हवं. हातोडीनं ठोकून बसवायला लागलं तर खाचेची भिंत फुटेल, आपोआप पडलं तर गोंद त्याला वाचवणार नाही. सांधा म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जा आणि खांब-तुळया जिथे भेटतात तिथे मान वर करून जरा वेळ उभे राहा.

११. पावसाळ्यात केलेल्या पाटाला उन्हाळ्यात मधोमध चीर पडली. आणि दुसऱ्या एका कपाटाचे खण पावसाळ्यात अडकतात. लाकूड खराब होतं का?

लाकूड चांगलंच असणार. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर फुगतं आणि आक्रसतं. महत्त्वाचं हे की ते सगळ्या दिशांना सारखं हलत नाही. लांबीत जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलतं. त्यातही वाढीच्या वलयांना लागून कापलेली फळी, वलयांना छेदून गाभ्याकडून कडेकडे कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते.

आता पाट पाहा. वरच्या फळीच्या रेषा एका दिशेला, खालच्या पट्ट्यांच्या रेषा तिच्या आडव्या. जुलैमध्ये फुगलेली फळी एप्रिलमध्ये आक्रसायला बघते. खालची पट्टी स्वतःच्या लांबीत हलत नाही. तुम्ही पट्टी पूर्ण लांबीभर गोंदानं चिकटवून वर खिळेही मारलेत. फळीला जागाच नाही, म्हणून ती फाटते. बारा इंची सागाच्या फळीत पावसाळा आणि कडक उन्हाळा यांत सूतभर फरक सहज पडतो, आंब्यात त्याहून जास्त.

उपाय सोपा आहे. पट्टीला गोंद फक्त मध्यावर, दोन बोटं रुंदीत लावा. दोन्ही टोकांना स्क्रू घाला, पण पट्टीतलं भोक फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करा म्हणजे स्क्रू त्यात सरकेल. जुन्या चांगल्या पाटांत पट्टी डव्हटेलच्या आकाराच्या खाचेत नुसती सरकवलेली असते. ती फळीला वाकू देत नाही आणि हलायची मोकळीक ठेवते. आजीच्या वेळचा एखादा पाट उलटा करून बघा.

आपल्या दोन जिल्ह्यांत याचा विचार जास्त करावा लागतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणचा पाऊस आणि माण, खटाव, आटपाडी, जतचा कोरडेपणा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाटणला ऑगस्टमध्ये केलेलं स्टूल जतला भेट द्यायचं असेल तर ते तिथे आक्रसणार हे धरूनच करा. लाकूड आणलं की पंधरा दिवस-महिनाभर ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवा.

खण अडकतात ते याच कारणानं. पावसाळ्यात बनवत असाल तर खण जवळजवळ घट्ट बसवा, उन्हाळ्यात बनवत असाल तर उंचीत फट सोडा. आता अडकलेला खण जुलैमध्ये रंधू नका, नाहीतर मार्चमध्ये तो खुळखुळेल. कडांना मेण घासा आणि दिवाळीपर्यंत थांबून मग ठरवा.

१२. सागाला फेव्हिकॉल धरत नाही, सांधा सुटतो.

सागात नैसर्गिक तेल असतं. चिकटवायच्या बाजू त्याच दिवशी रंध्यानं ताज्या करा, थिनर किंवा ॲसिटोननं पुसा, वाळू द्या आणि लगेच गोंद लावून शिकंज्यात आवळा. आवळताना कडेनं गोंदाचे बारीक मणी सर्व लांबीभर बाहेर आले तर प्रमाण बरोबर. रेषा कापलेल्या टोकाला टोक चिकटवलंत तर कुठलाही गोंद टिकणार नाही, तिथे सांधाच हवा (प्रश्न १०).

१३. पॉलिश कोणतं करू? पोळपाट-लाटण्याला गोडं तेल लावलं तर चालेल का?

शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते वाळत नाही, चिकट राहतं आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. स्वयंपाकाच्या वस्तूंना जवसाचं कच्चं तेल, अगदी पातळ, फडक्यानं चोळून. दोन-तीन आठवडे सावकाश वाळू द्या. वरून मधमाश्यांचं मेण. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ पासून 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं, तिकडे जाणं झालं तर मधाबरोबर मेणाचीही चौकशी करा. रंगाच्या दुकानातलं बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) खाण्याच्या वस्तूंना नको, त्यात वाळवणारी रसायनं असू शकतात.

इतर वस्तूंना लाखेचं पॉलिश: चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा, गाळा आणि पातळ थर द्या. पावसाळी हवेत थर पांढुरका पडतो, म्हणून उघडीप पाहून करा.

एक गोष्ट कृपया गंभीरपणे घ्या. जवसाच्या किंवा बेलतेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं आणि चिंधीचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून, उघड्यावर, एकेक वाळत घाला.

१४. मी बाई आहे, वय पन्नासच्या पुढे, हाताला जोर कमी. शिवाय नातू डावखुरा आहे आणि त्यालाही शिकायचंय.

दोघंही या. धारदार पटाशीला जोर लागत नाही. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं आणि दगडाकडे जायचं. रंध्याला हातापेक्षा कंबर आणि पाय जास्त लागतात. डावखुऱ्याला रंधा, पटाशी आणि करवत तीच चालते, फक्त उभं राहण्याची आणि लाकूड बांधण्याची बाजू बदला.

मुलांना नऊ-दहा वर्षांपासून करवत आणि रंधा देता येतो, पटाशी मोठ्यांच्या देखत. नियम दोनच: लाकूड हातात धरायचं नाही, शिकंज्यात बांधायचं; आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे. घासकाम करताना सगळ्यांनीच मास्क लावा, सागाच्या आणि शिसवीच्या धुळीनं अनेकांना शिंका आणि पुरळ येतं.

१५. इथे शिकवतं कोण?

आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो. जवळच्या आयटीआयमध्ये सध्या सुरू आहे का ते प्रवेशाच्या वेळी विचारा. नोकरदारांना तो जमत नाही. त्यांनी गावातल्या एखाद्या ज्येष्ठ सुतारकाकांकडे जावं. "शिकवा" म्हणण्यापेक्षा "काका, रविवारी येऊन हाताखाली काम करू का?" असं विचारा. पहिले काही रविवार झाडायला आणि लाकूड धरायला लागेल, ते आनंदानं करा. त्यांचे पाय कुठे आहेत, रंधा उचलताना हात काय करतो, हे बघत राहा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतही परवानगी घेऊन तासभर थांबा. तुणाच्या लाकडावर चालणारी हत्यारं पाहून डोळा तयार होतो.

१६. हीच हत्यारं प्लायवूडवर चालतील का?

करवत चालेल, रंधा आणि पटाशी जपा. प्लायमधला गोंद धार पटकन खातो. कापताना मागच्या बाजूची साल उडू नये म्हणून रेघ चाकूनं खोल ओढा. शिकायला मात्र प्लाय घेऊ नका, त्यातून रेषांची समज येत नाही.

१७. आमचा जुना वाडा उतरवतोय. त्यातलं सागवान वापरता येईल का?

वापरलंच पाहिजे. इतकं मुरलेलं लाकूड आता विकत मिळत नाही, आणि ते जळणाला जाताना पाहून जीव तुटतो. पण रंधा लावण्याआधी चांगल्या लोहचुंबकानं प्रत्येक बाजू तपासा. तुटलेल्या खिळ्याचं टोक आत दडलेलं असतं आणि एका झटक्यात पात्याला खाच पाडतं. तारेच्या ब्रशनं माती आणि वाळू काढा. जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडून काढा, मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. बारीक छिद्रांतून ताजी पूड गळत असेल तर कीड जिवंत आहे, तो तुकडा घरात आणू नका.

१८. आमच्या बांधावर साग आहे. स्वतःचं झाड आहे, पाडून वापरलं तर काय हरकत?

जमीन स्वतःची असली तरी परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन अशी झाडं आहेत. ती तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. पालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो. सागाची वाहतूक करायची तर वन विभागाचा वाहतूक परवानाही हवा. झाडाला हात लावण्याआधी सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन या. वादळानं पडलेल्या झाडाबाबतही आधी तिथेच विचारा.

परवानगीनं पाडलंत तर ओंडक्याची दोन्ही टोकं लगेच रंगानं किंवा मेणानं बंद करा, नाहीतर टोकांकडून चिरत जाईल. फळ्या काढून सावलीत, वाऱ्यावर, मध्ये सारख्या अंतरानं पट्ट्या ठेवून रचा. इंचभर जाडीला वर्षभर, असा जुना ढोबळ हिशेब आहे.

१९. बाभळीचा आणि गाठीच्या लाकडाचा रंधा काही केल्या नीट होत नाही. दोन्ही दिशांनी उचकटतं.

अशा लाकडात रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, तिथे प्रश्न ६ मधला फळी फिरवायचा उपाय चालत नाही. धार ताजी करा. टोपीपट्टी धारेच्या अगदी जवळ, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत आणा. ढलपी इतकी पातळ ठेवा की पलीकडचं दिसेल. रंधा तिरका धरून चालवा. तरीही गाठीपाशी उचकटलं तर तिथे रंधा सोडा आणि पोलादी खरवडपट्टी किंवा पॉलिश पेपर वापरा.

बाभूळ ओलसर असताना कापायला खूप सोपी असते. बैलगाडीची आणि औताची कामं करणारे तिचा आकार आधीच ढोबळ काढून ठेवायचे आणि वाळल्यावर शेवटचा हात फिरवायचे. तुम्हीही तेच करा.

२०. पुराच्या पाण्यात हत्यारांची पेटी बुडाली होती. सगळं गंजलंय. टाकून देऊ?

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णाकाठच्या घरांतून हा प्रश्न फार आला, अजूनही येतो. टाकू नका.

आधी सगळं सुटं करा: रंध्याचं पातं, टोपीपट्टी, स्क्रू, मुठी. गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा. लाकडी भाग सावलीतच वाळवा. उन्हात ठेवले तर फाटतील, मुठीला काही आठवडे लागले तरी लागू द्या. लोखंडी भागांसाठी प्लास्टिकच्या घमेल्यात लिटरभर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घाला आणि त्यात ते बुडवा. दर दोन-तीन तासांनी काढून ब्रशनं घासा. रात्रभर विसरून जाऊ नका, आम्ल चांगलं लोखंडही खातं. गंज गेला की खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि त्याच मिनिटाला मशीनचं तेल लावा. ओलं ठेवलं तर अर्ध्या तासात पुन्हा तांबडं होतं.

मग धार, प्रश्न ४ प्रमाणे. धारेजवळ खोल खड्डे पडले असतील तर पातं खड्ड्यांच्या मागेपर्यंत घासून घ्यावं लागेल, आणि लांबी पुरत नसेल तर तेवढं पातं नवीन आणा, रंधा तोच राहू द्या. करवतीला जास्त जपा. दात झिजले नसतील तर ती वाचते.

पूर येत नाही त्या भागातही जून ते सप्टेंबर हत्यारांवर तेलाचं बोट फिरवायलाच हवं. पुष्कळ घरांत पेटी एकदम खंडेनवमीला पूजेसाठी उघडते, तोवर चार महिन्यांचा ओलावा आत बसलेला असतो. पेटी जमिनीवर ठेवू नका, भिंतीला फळी ठोकून तिच्यावर ठेवा.